पीकेव्हीची दाल मिल, एमआयडीसीचा लेथ आणि भाऊचं शेड : अकोल्याकडची एक केस

आधी सांगून ठेवतो, मी उद्योजकतेवर भाषणं देणारा माणूस नाही. अकोल्यात जीएसटी, रिटर्न, बँकेचे प्रोजेक्ट रिपोर्ट असली कामं करतो. ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझा मावसभाऊ आहे आणि त्याच्या वह्या पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहेत, म्हणजे आकडे त्याच्या वहीतले आहेत, कौतुकात घरचं माप थोडं जास्त पडलं असेल तर तेवढं वजा करून वाचा. नाव देत नाही. विचारलं तर म्हणे, "नाव नोको टाकू बे, उद्या सारे उधारी मागाले येतीन." तर त्याला इथे नुसतं भाऊ म्हणू.

भाऊ करतो काय? बार्शीटाकळी तालुक्यात एका गावाबाहेर त्याचं पत्र्याचं शेड आहे. तिथे मिनी दाल मिल दुरुस्त होतात, घासून गुळगुळीत झालेल्या एमरी रोलला (साल खरवडणारा खरखरीत रोल) परत कोटिंग होतं, आणि मागची दोन वर्षं एक छोटा बोर्ड पण तयार होतोय, जो मोटरचे ॲम्पिअर बघतो आणि हॉपरचं, म्हणजे वरून माल ओतायच्या तोंडाचं, दार आपोआप कमी-जास्त करतो. आज पाच तालुक्यांतल्या ६१ मिल त्याच्याकडे वर्षाच्या सर्व्हिसिंगला आहेत, बोर्ड २३ विकले गेलेत, आणि भाऊ धरून चार माणसं कामाला आहेत. एवढीच कंपनी. पुण्या-मुंबईच्या माणसाला हसू येईल, पण आमच्याकडे कोरडवाहू चार एकरवाल्याच्या पोराने चार घरांचा पगार काढणं म्हणजे काय ते इथल्यालाच कळतं.

आता ही कंपनी अकोल्याच्या आसपासच का झाली, हा या केसचा खरा प्रश्न.

लोक पटकन म्हणतात पीकेव्हीमुळे. पीकेव्ही म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ, पुढे नाव डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ झालं, कागदावर पीडीकेव्ही लिहितात, पण ऑटोवाल्याला पीडीकेव्ही सांगितलं तर तो दोन सेकंद विचार करतो. २० ऑक्टोबर १९६९ ला स्थापना. त्याच्या आदल्या वर्षी राहुरीला कृषी विद्यापीठ झालं होतं, विदर्भाला वेगळं पाहिजे म्हणून अकोल्यात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे हे मिळालं. भाऊसाहेबांचं, म्हणजे पंजाबरावांचं, नाव दिलं तेही बरोबरच, पापळ गावचा माणूस, देशाचा कृषिमंत्री झालेला. तर विद्यापीठाचा वाटा आहेच, पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे. विद्यापीठ यायच्या कितीतरी आधीपासून अकोला कापसाचं गाव होतं. रेल्वे एकोणिसाव्या शतकातच आली, तिच्यामागे जिनिंग-प्रेसिंग आलं, तेलघाण्या आल्या, नंतर दाल मिल आल्या, आणि ही सगळी यंत्रं बिघडणारी. मुंबईहून मिस्त्री बोलवायचा तर सीझन निघून जाणार. म्हणून गावातच लेथवाले, वेल्डिंगवाले, बेअरिंग-पट्टेवाले तयार झाले. म्हणजे विद्यापीठाचं बी काळ्या मातीत पडलं, मुरमात नाही. नुसतं विद्यापीठ आणि भोवती रिकामं माळरान असं असतं तर चांगले चांगले यंत्रांचे नमुने विभागाच्या शेडमध्ये धूळ खात पडले असते, आणि नुसते लेथवाले असते तर त्यांनी बाहेरच्या यंत्रांची नक्कल करण्यातच जन्म काढला असता.

या दोघांच्या मधे जी वस्तू उभी राहिली ती पीकेव्ही मिनी दाल मिल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुरीची डाळ करणं हे हरभरा-मसुराइतकं सोपं नाही. तुरीचं साल आणि आतली डाळ यांच्यामधे डिंकासारखा थर असतो, तो सैल झाल्याशिवाय साल सुटत नाही, जबरदस्ती केली तर डाळच तुटते. म्हणून आधी तूर रोलवरून काढून सालीला ओरखडे पाडायचे, थोडं तेल चोळून ठेवायची, पाणी मारायचं, उन्हात नीट वाळवायची, मग परत रोलवर घालून साल काढायचं आणि डाळ पाडायची. आमच्या आज्या जात्यावर हेच करायच्या, फक्त एमरी रोलच्या जागी दगड होता. मोठ्या दाल मिल हे लाखोंच्या मशिनरीवर करतात. विद्यापीठाने काय केलं, तर हेच काम लहान मोटरवर, एका खोलीत, तासाला साधारण क्विंटलभर माल निघेल अशा बेताने बसवलं. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढची आहे. हे डिझाइन त्यांनी एकाच मोठ्या कंपनीला विकून टाकलं नाही, करार करून स्थानिक कारखानदारांना बनवायला दिलं. त्यामुळे एमआयडीसीत ते बनू लागलं, स्पर्धा झाली, किंमत आवाक्यात राहिली, आणि त्या कारखान्यांत आयटीआयची पोरं ते यंत्र खोलून जोडून शिकली.

भाऊ त्यांतलाच. आयटीआय फिटर. विद्यापीठाच्या वर्गात एक दिवस बसलेला नाही. २०१३ पासून पाच वर्षं एका वर्कशॉपमध्ये मिल जोडायचं काम केलं, पगार शेवटी साडेनऊ हजार. तिथे त्याच्या एक गोष्ट लक्षात आली, जी मालकाच्या आली नाही किंवा आली पण त्याला तिच्यात रस नव्हता. मिल विकली की गिऱ्हाईकाचे फोन चालू होतात. डाळ तुटून राह्यली, कणी लय पडते, रोल चालत नाही, पट्टा घसरतो. मालकाचं गणित साधं होतं, नवीन मिल विकण्यात पैसा आहे, पातूरच्या पुढे कुठल्या खेड्यात जाऊन पट्टा बदलण्यात काय आहे? भाऊ रविवारी आपल्या गाडीने जायचा, दोनशे-तीनशे घ्यायचा, जेवून यायचा. २०१८ च्या पोळ्याला नोकरी सोडली. मावशी दोन दिवस बोलली नाही.

पहिलं वर्ष नुसत्या दुरुस्तीचं. उत्पन्न १ लाख ४२ हजार, त्यातले पेट्रोलचेच अडतीस गेले. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं परत नोकरी धर. माझा सल्ला चुकीचा होता हे वहीवरून दिसतं, पण त्या वर्षापुरता बरोबरच होता असं मला अजून वाटतं.

खरी कलाटणी एका बचत गटाच्या मिलवर मिळाली. दहा बायांचा गट, यंत्र चांगलं, नवीन, तरी क्विंटलमागे डाळ ६४ किलोच्या वर जाईना. तुरीत साल साधारण बारा-पंधरा टक्के असतं, म्हणजे पुस्तकी हिशोबाने डाळ ऐंशीच्या वर निघायला पाहिजे, तेवढी कोणाचीच निघत नाही, चांगल्या मिलला सत्तर-बहात्तर निघाली तरी लोक खूश. पण ६४ म्हणजे फारच कमी. भाऊने रोल बदलला, चाळणी बदलली, स्पीड कमी केली, काही फरक नाही. गटाची अध्यक्ष काकू म्हणाली, "भाऊ, तुया हातून होत नसन तं सांग, आमी मिल इकून टाकतो." ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी तो दोन किलो तूर पिशवीत घालून सरळ पीकेव्हीत गेला. ओळख कोणाची नाही. वर्कशॉपमध्ये असताना एक सर कधीतरी मिल तपासायला यायचे, तेवढाच चेहरा माहीत. सरांनी चहा पाजला, तूर दाताखाली धरली आणि म्हणाले यंत्रात काही नाही, ही ओली आहे. मग नमुना ओव्हनमध्ये टाकला, १०५ डिग्रीला चोवीस तास. ओलावा निघाला साडेतेरा टक्के, जिथे नऊ-दहा पाहिजे होता. बाया पाणी मारून एकच दिवस वाळवत होत्या, कारण दुसऱ्या दिवशी अंगण रिकामं पाहिजे, आणि मिलच्या माणसाने शिकवतानाच "एक दिवस बस झालं" सांगितलं होतं. दोन दिवस वाळवून, मधे हलवून, दाताखाली कट्ट असा आवाज आला तरच मिलला घालायची, एवढं केल्यावर डाळ ६९-७० वर आली.

त्या टेस्टचे पैसे सरांनी घेतले नाहीत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात विद्यापीठाने दिलेली सगळ्यात महाग वस्तू ती एक ओव्हन टेस्ट आणि तो अर्धा तास होता. त्याची कुठे फाइल नाही, कोणत्या वार्षिक अहवालात ती येणार नाही. पण तिथून भाऊला समजलं की आपण यंत्र दुरुस्त करत नाही, आपण डाळीचा उतारा दुरुस्त करतो. मग त्याने दर बदलला, पट्टा बदलायचे इतके, रोलचे इतके असं सोडून वर्षाचा करार चालू केला, ज्यात सीझनच्या आधी एक फेरी, मधे दोन फेऱ्या आणि वाळवणीचं शिकवणं. पहिल्या वर्षी ११ जण तयार झाले.

२०२० चं लॉकडाऊन आमच्याकडे उलटं फळलं. मार्चमध्ये तूर घरात होती, बाहेर जाता येत नव्हतं, आणि गावातल्या लोकांना गावातच डाळ पाहिजे होती. गटांच्या मिल रात्रंदिवस चालल्या. भाऊ कोणत्या परवानगीने फिरला ते विचारू नका, गाडीवर कृषी यंत्र दुरुस्ती असा कागद चिकटवला होता.

बोर्डाची गोष्ट २०२३ ची. अडचण अशी होती की गावठाण फिडरवर, म्हणजे गावाच्या विजेच्या लाइनवर, व्होल्टेज दिवसातून दहा वेळा पडतं, मोटर दमते, चालवणारी बाई हॉपरचं दार तसंच ठेवते, माल जास्त जातो, रोल गच्च होतो, डाळ तुटते, कधी मोटरच जळते. भाऊ सगळ्यांना सांगायचा की ॲम्पिअर मीटरकडे लक्ष ठेवा, काटा वर गेला की दार थोडं बंद करा. पण एकाच वेळी तूर ओतायची, डाळ भरायची, चुनी (साल-कणीचा चुरा) बाजूला करायची आणि काटा पण बघायचा हे माणसाकडून होत नाही. गावातलंच एक पोरगं शेगावला इंजिनिअरिंग करत होतं, इलेक्ट्रॉनिक्स, त्याला फायनल इयरचं प्रोजेक्ट पाहिजे होतं. त्याने करंट सेन्सर, एक आर्डुइनो (प्रोग्राम टाकायचं छोटं सर्किट) आणि दार हलवायला एक सर्वो मोटर लावून पहिला नमुना साडेतीन हजारात केला. पहिला नमुना भुशाने तीन दिवसांत बंद पडला. दुसरा डब्यात घातला तर डबा तापून बंद पडला. तिसरा चालला. सर्वो काढून गाडीच्या वायपरची मोटर लावली, ती डाबकी रोडच्या भंगारात स्वस्त मिळते आणि धुळीला घाबरत नाही. ही आयडिया ना विद्यापीठाची ना कॉलेजची, ती भाऊच्या वेल्डरची.

आता पैशाचं बोलू, कारण असल्या यशोगाथांमध्ये नेमकं तेच गाळलेलं असतं. २०२५ च्या सीझनला तूर बाजारात सात हजारांच्या आसपास होती, हमीभाव ७,५५० असूनही. त्या गटाचा हिशोब धरा. एका क्विंटलमागे डाळ सहा किलो जास्त निघाली, डाळ शंभर रुपये धरली तर सहाशे, पण ते सहा किलो आधी चुनीत जात होते आणि चुनी वीस रुपयांनी विकत होती, म्हणजे एकशेवीस वजा, निव्वळ फायदा ४८०. बोर्डाची किंमत साडेनऊ हजार. वीस क्विंटलमध्ये बोर्ड फिटला, असं भाऊ गिऱ्हाईकाला सांगतो. मी त्याला तोंडावर सांगितलंय की हे अर्धं खोटं आहे, कारण सहा किलोंतले पाचेक किलो वाळवणीने वाढलेत, बोर्डाचा वाटा एखाद-दीड किलोचा. बोर्डाचा खरा फायदा मोटर जळत नाही हा आहे, पण तो सांगून माल विकल्या जात नाही म्हणतो. धंद्यातली ही भांडणं चालायचीच.

बोर्ड बनवायला साधारण ४,२०० लागतात, वर जाऊन बसवणं, वर्षभराची बदली. एका बोर्डामागे हातात अडीच-तीन हजार उरतात. २३ बोर्डांचे किती झाले ते तुम्हीच मोजा आणि मग त्याला टेक कंपनी म्हणायचं का ते ठरवा. घर चालतं सर्व्हिसिंगवर.

कर्जाचा अनुभव. सगळ्यांनी सांगितलं अन्नप्रक्रियेची पीएमएफएमई योजना आहे, २०२० पासूनची, ३५ टक्के अनुदान, दहा लाखांपर्यंत. पण ती डाळ करणाऱ्याला आहे, डाळीचं यंत्र दुरुस्त करणाऱ्याला नाही. मग पीएमईजीपी, म्हणजे नवीन धंद्याला कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना. ग्रामीण भागात जनरलला २५ आणि इतर मागास, महिला वगैरेंना ३५ टक्के. ऐकायला छान वाटतं, पण ती रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून असते, हातात खेळतं भांडवल येत नाही, हे पोरांना आधी कोणी सांगत नाही. भाऊची फाइल एका बँकेने सात महिने ठेवली आणि मग तारणाला शेत मागितलं. शेवटी शेड आणि लेथ घेतलं ते मावशीच्या पाटल्या ठेवून आणि एका गटाने दोन वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पैसे आगाऊ दिले म्हणून. हो, त्याच काकूच्या गटाने.

इनक्युबेशनचा, म्हणजे नवीन धंद्यांना हाताशी धरून शिकवण्याचा, पण एक अध्याय आहे. एका संस्थेच्या स्टार्टअप सेलमध्ये त्याची निवड झाली, कोणती ते सोडा. एसी हॉल, काचेच्या केबिन, लॅपटॉपवर दहा स्लाइड बनवायला सांगितल्या. एका मेंटरने विचारलं तुमचं मार्केट किती हजार कोटींचं, भाऊ म्हणाला सर मला बार्शीटाकळी, पातूर, बाळापूर एवढंच माहीत आहे. दुसऱ्याने सांगितलं ॲप बनवा. तीन महिन्यांत त्याला एक प्रमाणपत्र, एक पिशवी आणि एक पाण्याची बाटली मिळाली. बाटली चांगली आहे, अजून वापरतो. मी चेष्टा करतोय खरं, पण तिथे त्याला एक कामाची गोष्टही मिळाली, मूर्तिजापूरकडचा एक पोरगा भेटला जो सोयाबीन ग्रेडिंगची मशीन करतो, आणि आता पावसाळ्याआधी दोघं मिळून बियाण्याची चाळणी-प्रतवारी करून देतात. ते भाऊसाठी फार महत्त्वाचं ठरलं, कारण डाळीचा सीझन फेब्रुवारी ते मे, मृग लागला की वाळवण बंद, वाळवण बंद तर मिल बंद, मिल बंद तर भाऊचा फोन पण बंद. चार महिने कमवायचं आणि आठ महिने खायचं, यात पगारी माणूस टिकत नाही. मे-जूनच्या सोयाबीनच्या कामाने ती खाच थोडी भरली.

याच्यापुढे अमेरिकेची उदाहरणं द्यायची रीत आहे, मी पण एक देतो. स्टॅनफर्डच्या फ्रेडरिक टर्मन नावाच्या प्राध्यापकाने हुलेट आणि पॅकार्ड (एचपी कंपनीवाले) या आपल्या दोन विद्यार्थ्यांना तिथेच धंदा करा म्हणून मागे लागून बसवलं, १९३९ मध्ये त्यांनी पालो अल्टोत एका गॅरेजमधून सुरुवात केली, भांडवल ५३८ डॉलर. त्यांचं सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक डिस्ने, आठ ऑसिलेटर घेतले. विद्यापीठाने आपल्या जमिनीवर इंडस्ट्रियल पार्क काढला तो नंतर, १९५१ मध्ये. केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजचा सायन्स पार्क १९७० चा. आमच्याकडे मात्र आधी इमारत, मग फीत, मग पोरं शोधायची. टर्मनसाहेबांनी केलं तेच पीकेव्हीतल्या त्या सरांनी ओव्हनपाशी उभं राहून केलं, फक्त त्यांच्या हातात टर्मनइतकं काही नव्हतं. बाहेरच्या माणसाची टेस्ट करायची तर कुठे पावती फाडायची, किती वेळ द्यायचा, कोणाच्या खात्यात दाखवायचं याची सोपी सोय पाहिजे, नाहीतर पुढचे सर चहा पाजतील पण ओव्हन लावणार नाहीत.

एक श्रेय द्यायचं राहिलं. विद्यापीठाचं नाव. भाऊच्या शेडवर पाटी आहे "पीकेव्ही मिनी दाल मिल दुरुस्ती". गावातला म्हातारा पण त्या तीन अक्षरांवर विश्वास ठेवतो, कारण त्याच्या घरात पीकेव्हीचं बियाणं येऊन गेलंय, खुंटीला विद्यापीठाची कृषी संवादिनी डायरी लटकतेय, आणि डिसेंबरात भाऊसाहेबांच्या जयंतीला तो ॲग्रोटेकला, विद्यापीठाच्या कृषी प्रदर्शनाला, ट्रॅक्टरमधे बसून जाऊन आलाय. पुण्याच्या कंपनीला हा भरवसा मिळवायला किती जाहिरात करावी लागली असती? भाऊला पाटी रंगवायचे सहाशे लागले. दोन वर्षांपूर्वी त्याने ॲग्रोटेकच्या मैदानात एका ओळखीच्या कारखानदाराच्या स्टॉलच्या कोपऱ्यात बोर्ड ठेवला होता, तीन दिवसांत नऊ जणांनी नंबर घेतला, पैकी सहा जणांनी नंतर खरंच फोन केला.

आता जिथे अडलंय ते सांगतो. शेगाववालं पोरगं पास होऊन पुण्याला हिंजवडीत लागलं, पगार चांगला, त्याचा काही दोष नाही, त्याचे वडील पण कपाशीवालेच आहेत. पण बोर्डाचा सगळा प्रोग्राम त्याच्या डोक्यात आणि एका पेन ड्राइव्हमध्ये. यंदा भाऊला मुगासाठी वेगळी सेटिंग पाहिजे, कारण मूग तुरीपेक्षा हलका चालतो आणि बोर्ड उगाच दार जास्त उघडतो. अकोल्यात पॉलिटेक्निकच्या दोन पोरांना दाखवला, एकाने कोड बघून सांगितलं सगळं नवीन लिहावं लागेल, दुसऱ्याने बोर्डच जाळला. पुण्याचं पोरगं रात्री फोनवर मदत करतं, पण फोनवर सांगून वायर जोडणारा भाऊ, त्यामुळे "लाल वायर कोणती बे, दोन लाल हायेत" यातच अर्धा तास जातो.

दिवाळीला पोरगं घरी येणार आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बसायचं ठरलंय, काकूच्या गटाने दोन पायली मूग आधीच पाठवून दिलेत. तोवर मुगाच्या मिलवर भाऊने बोर्डाची वायर काढून ठेवलीय आणि दाराला सुतळी बांधून दिलीय, काटा वर गेला की ओढायची.